टोमॅटोतली तांब्याची तार

माझं सासर येडगावच्या धरणाखाली, कुकडीच्या काठाला. नवरा चाकणला कंपनीत आहे, आठवड्यातून एकदा घरी येतो. त्यामुळे दीड एकर टोमॅटो मीच बघते. माझा धाकटा भाऊ घोडेगावच्या अंगाला, माहेरी असतो. तो शेती करतो असं म्हणायचं. खरं तर तो शेतीचे व्हिडिओ बघतो, आणि हल्ली स्वतःही काढायला लागलाय.

गेल्या उन्हाळी टोमॅटोच्या वेळी तो मोटारसायकलला बांबू बांधून आला. प्रत्येक बांबूच्या शेंड्याला तांब्याच्या तारेची गुंडाळी केलेली आणि तारेचं टोक खाली मातीत जाईल एवढं लांब सोडलेलं.

"ताई, आभाळात करंट असतो," तो म्हणाला. "ही तार तो खेचती आन मुळाला देती. खत कमी, औषध बंद!"

"शॉक बिक बसंल कुणाला."

"लई बारीक असतो गं. मुंगीला बी कळत न्हाई."

मुंगीला कळत नाही तो टोमॅटोला कसा कळणार, हे अगदी ओठावर आलं होतं. पण त्याचे आधीचे दोन उद्योग बसलेले, आणि किती दिवसांनी तो असा खुशीत दिसत होता. मी बांबू उतरवायला हात लावला.

त्याने ओढ्याकडच्या चार सऱ्यांत बांबू रोवले. महिन्याभरात तिथली झाडं बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच झाली. त्याने मला तिथं उभं केलं, फोन समोर धरला आणि विचारलं, "सांग ताई, फरक पडला का?"

"पडला की. लई फरक पडला," मी म्हणाले.

त्या पट्ट्यात आमचा उकिरडा होता, कित्येक वर्षं. तिथं कांदा लावा, गहू लावा, पीक उंचच येतं. हे मला पाठ होतं. तरी फोनसमोर माझ्या तोंडून तेच निघालं जे त्याला हवं होतं. तो व्हिडिओ बघून आळे गावाहून, आणखी कुठून कुठून लोक बघायला यायला लागले. तो त्यांना त्या सऱ्यांत फिरवायचा, माझ्या अंगणातून गुंडाळीचे बांबू विकायचा, आणि मी सगळ्यांना चहा करायचे.

मग करपा आला. "औषध मारू नको, तारेचा गुण जातो," भावाने फोनवर सांगितलं, आणि मी मूर्खासारखी दहा दिवस ऐकलं. पानं काळी पडली. फळाला हात लावावा तर बोट आत जायचं आणि आंबूस, कुजकट पाणी मनगटापर्यंत ओघळायचं. साबणाने तीनदा हात धुतले तरी जेवताना तो वास यायचा. तारेच्या चार सऱ्यासुद्धा सुटल्या नाहीत. भाऊ आला, नाकाला रुमाल लावून बांधावर उभा राहिला आणि म्हणाला, "तार कमी पडली." आणखी तारेची एक गोणी ठेवून गेला.

त्याच आठवड्यात, भाऊ यायच्या दोन दिवस आधी, शेजारच्या काकूंच्या नदीवरच्या मोटरची केबल चोरांनी कापून नेली होती. काकू एकट्याच शेत बघतात. झेंडू ऐन कळीत होता. पाणी बंद. साठीची बाई नदीवरून हंडे वाहून निदान दोन सऱ्या जगवायची धडपड करत होती. मीही चार हंडे वाहिले आणि वाहता वाहता म्हणाले, "मेल्यांचे हात झडतील."

दोन दिवसांनी मी ती गोणी उघडली. आतली तार दुकानातली नवीकोरी नव्हती. बारीक धाग्यांचे पीळ होते, जागोजागी धुरकटलेले. हात घातला तर तळवा काळा झाला. जळक्या प्लास्टिकचा वास भस्सकन नाकात गेला. एका पिळाला निळ्या प्लास्टिकचा वितळलेला थेंब चिकटला होता. मोटरच्या चपट्या केबलमध्ये लाल, पिवळी, निळी अशा तीन वायरी असतात. आमच्या काठावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ही कुणाची तरी केबल जाळून काढलेली तार होती.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला तो जेवायच्या वेळेला. मी ताट वाढलं आणि विचारलं, "ही तार कुठली?"

"भंगारवाल्याकडची."

"त्याच्याकडं कुठून आली?"

"ते मी कशाला इचारू? नव्या तारंचा भाव बघ की."

"काकूंची केबल गेलीये."

"मी थोडीच कापली? मी इकत घेतली. आन तांब्यावर काय कुणाचं नाव असतंय व्हय?" भाकरीचा तुकडा मोडत तो म्हणाला, "आमटी वाढ की जरा."

मी त्याच्याकडे बघत राहिले. ओठाला लागलेली आमटी, चघळणारा जबडा. पाठीवर घेऊन वाढवलेला माझा भाऊ, आणि तो घास गिळताना मला त्याची किळस आली. मी आमटी वाढली नाही. तो उठून गेला.

त्याच दुपारी मी सगळे बांबू उपटले, गुंडाळ्या सोडवल्या, गोणीत भरल्या आणि काकूंच्या ओट्यावर नेऊन ठेवल्या. सगळं सांगितलं. उकिरड्याचंही सांगितलं.

काकूंनी गोणीला हात लावला नाही. "आन तू च्या पाजलास त्या लोकांना," त्या म्हणाल्या. मग गोणीकडे बोट करून म्हणाल्या, "हे माझ्या दारातून उचल. पोलिसात ने."

"तुमी येता का?"

"येते. तू वाटंतून माघारी फिरशील, म्हणून येते."

ठाण्यात साहेबांनी विचारलं, तार कुणी दिली. "माझ्या सख्ख्या भावानं," हे दोनदा सांगावं लागलं. भावाला बोलावलं, त्याने भंगारवाला दाखवला, भंगारवाल्याने तार विकणाऱ्या दोघांची नावं सांगितली. त्यांनी बऱ्याच केबली कापल्याचं कबूल केलं. पण माझ्या गोणीतलं तांबं काकूंचंच होतं का, ते कधीच ठरलं नाही. जाळलेल्या तांब्याची ओळख पटत नाही.

भावाला ठाण्यात बोलावलं त्या संध्याकाळी आईचा फोन आला. "सख्ख्या भावाला पोलिसात देती, कशाची बनलीस तू?" मी तिला तारेच्या त्या जळक्या वासाबद्दल सांगू लागले. तिने फोन ठेवला. भाऊबीजेला तो आला नाही, मीही बोलावलं नाही.

काठावरच्या सगळ्यांनी मिळून केबली पाइपात घालून जमिनीत पुरल्या. काकूंच्या चराचं खोदकाम मी केलं, तीन दिवस. तिसऱ्या दिवशी त्या बांधावर येऊन उभ्या राहिल्या, चर बघितला.

"अजून हातभर खोल घे," म्हणाल्या, "वरवर नको."

मी पुन्हा चरात उतरले.