‘नांगर’च्या पुढचे शब्द

गुणमालाबाई शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी विश्रामबागेतल्या घरात दुपारी चारचा तास कधी चुकत नसे. तासाला माणसं दोनच, बाई आणि त्यांचे सासरे पायगोंडा अण्णा. इथे शिकवायचे अण्णा. वय शहाऐंशी, डोळे गेलेले, पण पलूसकडच्या शेतातल्या औताचा, मोटेचा एकेक शब्द तोंडपाठ. ते सांगायचे, सून कॉम्प्युटरवर टिपायची. ‘अ’पासून निघालेला कोश आता ‘ह’ला पोचला होता. गेला आठवडाभर मात्र अण्णा दिवसाला एकच शब्द देत होते. थकले असतील, असं बाईंना वाटलं.

आणि गुरुवारी सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. आतून नुसतं टक् टक्.

दुरुस्तीवाल्या आप्पासोने दुकानात खोकं उघडून कान लावला. "हार्ड डिस्क गेली, मॅडम. बॅकअप हाय न्हवं?"

"आहे की!" बाई ठसक्यात म्हणाल्या खऱ्या, पण त्यांची बॅकअपची रीत जगावेगळी. दर खंडेनवमीला घरातल्या अवजारांबरोबर कॉम्प्युटरची पूजा व्हायची आणि त्याच दिवशी, मुहूर्तावर, बॅकअप. मग त्या छोट्या डिस्कलाही हळद-कुंकू, आणि वर्षभर तिचा मुक्काम देव्हाऱ्याखाली. तीस वर्षं पोरांना ‘रोजचा अभ्यास रोज करा’ म्हणून दटावणाऱ्या बाई या! आता श्रावण चालू होता.

आप्पासोने बाईंनी पिशवीतून काढलेली डिस्क उलटसुलट करून पाहिली. "हिच्या तोंडात हळद गेलीया की वं."

जुना टूथब्रश झाला, स्पिरिटचा बोळा झाला. बाई स्टुलावर बसून मनातल्या मनात णमोकार मंत्र म्हणत होत्या. नवी डिस्क बसली, बॅकअपची माहिती तिच्यात उतरू लागली आणि पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली. चार वाजून गेले. घरी अण्णा खुर्चीत येऊन बसले असतील, म्हणून बाई सारख्या घड्याळाकडे बघत होत्या.

साडेपाचला कोश उघडला. शेवटचा शब्द ‘नांगर’. त्यापुढे कोरं. पेरणीची पाभर, रुमणं, शिवळ, सोंदूर, दहा महिन्यांत टिपलेलं सारं गेलं होतं.

"बिघडलेल्या डिस्कमधून काहीच नाही निघायचं?"

"न्हाई वं. आतनं लय खरवडलीया."

बाई घरी आल्या तेव्हा अण्णा खुर्चीतच होते. त्यांना पाहून बाईंना रडू कोसळलं. "अण्णा, माझ्या आळसानं ‘नांगर’च्या पुढचं सगळं गेलं. आता..." शहाऐंशीव्या वर्षी माणसाकडून आणखी दहा महिने कसे मागायचे?

अण्णा खुर्चीत पुढे सरकले. "म्हंजी ‘प’पासनं परत?"

"हो."

"ब्येस झालं!" अण्णांचा सुरकुतलेला चेहरा खुलला. "अगं, ‘ह’ संपला की तू माझ्यापाशी कशाला बसशील, ह्योच घोर लागलावता मला. म्हणून तर एकेक शब्द पुरवून पुरवून देत हुतो."

बाईंनी पदराने डोळे पुसले.

"जा, आदी जेवून घे. दिस बुडायला आला आसंल, बुडल्यावर आपल्यात खात न्हाईत," अण्णा म्हणाले. "मग लिव, पाभर."