स्टीलच्या पेल्यात नाही

इराचा फोन आला तेव्हा मी एडिनबराच्या बसस्टॉपवर उभी होते. "आत्या, आई गेली... सकाळी, झोपेतच," एवढंच बोलली आणि रडायला लागली. इरा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, शेखरची मुलगी. शेखर जाऊन बरीच वर्षं झाली. आता शुभावहिनीही गेली.

या दीड महिन्यात इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर तिच्याबद्दल काय काय वाचलं! सात्त्विक, सोशिक, देवभोळी... अहो, कोण ही बाई? मी हिला कधी भेटलेच नाही. माझी वहिनी नॉटिंगहॅमच्या शाळेत भूगोल शिकवायची. दर शुक्रवारी संध्याकाळी पांढऱ्या वाईनचा एक ग्लास भरायची, शेजारी अळूवडी घ्यायची आणि मधे कोणाचा फोन आलाच तर "नंतर करते हं" म्हणून ठेवून द्यायची. एकच ग्लास, पण तो अगदी निवांत.

वाईनही एकाच मुलखातली, फ्रान्सच्या आल्प्समधल्या सव्हॉयची. शाळेच्या ट्रिपबरोबर गेली होती तेव्हा तिला ती सापडली. नंतर मलाही ओढून घेऊन गेली. समोर एक भलामोठा डोंगर, त्याची एक बाजू सुरीने कापल्यासारखी सरळ तुटलेली. शेकडो वर्षांपूर्वी तो कडा कोसळला, खालची गावं गाडली गेली, आणि पुढे लोकांनी त्याच ढिगाऱ्यात द्राक्षं लावली. वेलींच्या मधून अजून घराएवढाले पांढरे दगड वर आलेले दिसतात. पहिल्या घोटाला माझं तोंड वाकडं झालं. हिरव्या सफरचंदासारखी आंबट, आणि मागून ओल्या दगडाचा वास. वहिनी खो खो हसली. मग त्या कड्याकडे बघत म्हणाली, "शेखर गेल्यावर सगळे मला देव्हाऱ्यासमोर बसवायला निघाले होते गं. मी इथे येऊन बसले." दुसरा घोट मात्र मला आवडला.

लंडनजवळ पिनरला आमच्या थोरल्या भावाकडे, नानाकडे, दर दिवाळीत सगळ्यांचं जेवण असतं. एका वर्षी वहिनी स्वतःची बाटली घेऊन आली. नाना तिला किचनमध्ये गाठून हळूच म्हणाला, "शुभा, स्टीलच्या पेल्यात ओत ना. कोणाला कळायचं नाही. उगाच लोकांत चर्चा." वहिनीने त्याच्या हाताकडे पाहिलं. "भावजी, तुमची व्हिस्की काचेत आहे की!" आणि ग्लास घेऊन बाहेर हॉलमध्ये, सगळ्या बायकांच्या मधोमध जाऊन बसली. त्या वर्षी चर्चा झाली, भरपूर झाली. वहिनीचं काही अडलं नाही.

तेराव्याला आम्ही सगळे नॉटिंगहॅमला तिच्या घरी जमलो. गेलेल्या माणसाच्या आवडीचं त्याच्या पानात वाढायचं, ही आपली रीत. वरणभात झाला, अळूवडी झाली, आणि इराने फ्रिजमधून बाटली काढली. नाना ताडकन उठला. "पानात दारू? गुरुजी बसलेत समोर!" इराचा चेहरा उतरला. मग नानाच समजुतीने म्हणाला, "बरं, वाढायचीच तर पेल्यात वाढा. ताक आहे म्हणू."

"काका, आईला नाही आवडायचं..." इरा बाटली हातातच धरून म्हणाली.

माझं डोकं सणकलं. जिवंतपणी जी बाई लपली नाही, तिला मेल्यावर लपवायची? मी म्हटलं, "नाना, बाजूला हो." कपाटातून तिचा ग्लास काढला, भरला आणि पानाच्या उजव्या हाताला ठेवला. गुरुजींनी विचारलं तेव्हा स्पष्ट सांगितलं, "वाईन आहे. तिची आवडती." ते पानाभोवती पाणी फिरवून पुढचं म्हणायला लागले. नाना मात्र न जेवता निघून गेला.

परवा त्याचा फोन आला. शनिवारी माझ्याकडे एडिनबराला जेवायला येतोय म्हणाला. "झालं ते झालं. पण निदान पेपरातल्या तुझ्या सदरात लिहू नकोस, आणि तो ग्लास माझ्या पुढ्यात नको." आता लिहिलंय खरं. काय करणार!

नॉटिंगहॅमहून निघताना इराने तो ग्लास माझ्या हातात दिला होता. बुडाशी छोटासा टवका उडालाय, वहिनी अंगठा बरोब्बर तिथे ठेवायची. शनिवारी जेवताना तो टेबलावर असेल, भरलेला. अळूवड्यांचे उंडे उकडून झालेत. नानाने काय प्यायचं ते त्याने ठरवावं, पण जे पिईल ते काचेतून. घरातले सगळे स्टीलचे पेले मी काल बांधून लॉफ्टमध्ये टाकलेत.