कपाटावरच्या गुंडाळ्या

कृष्णराव बी.ई. झाले ते वडिलांच्या हट्टापायी. वडील अप्पासाहेब, होळकर दरबारी उभा जन्म नोकरीत काढलेले. पोराला चित्रकलेच्या शाळेत जायचंय असं कळल्यावर म्हणाले, "भीक मागायची असेल तर इंदुरात नको, दुसऱ्या गावी माग." झालं! पोरगं इंजिनिअरिंगला पुण्याला रवाना. त्या माणसाचा धाकच तसा. पंचेचाळिशीचे, बांधकाम खात्यात साहेब झालेले कृष्णराव अजूनही बापासमोर सुपारी खात नसत.

पण हात काही गप्प बसेना. ऑफिसात नकाशे काढायला ट्रेसिंगचं कापड असे, खळ देऊन कडक केलेलं, निळसर. त्याचे उरलेले तुकडे ते विचारून घरी आणत आणि नकाशाच्याच पेननं, त्याच काळ्या शाईनं त्यांवर माणसं काढत. सियागंजात पोत्यांवर आडवे झालेले हमाल, सराफ्यात फुंकणी तोंडाला लावलेला कारागीर. बारा वर्षांत चाळीस चित्रं झाली. रामबागेतल्या घरात कपाटावर गुंडाळून ठेवलेली, आणि कुणी बघू नये म्हणून प्रत्येक गुंडाळीवर बाहेरून कुठल्याशा पुलाचा जुना कापडी नकाशा लपेटलेला. बायकोलासुद्धा पत्ता नाही. एवढं काय घाबरायचं, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणते. पण ते घाबरत, त्याला काय करणार?

चोपन्न साली मुंबईतल्या एका चित्रप्रदर्शनाची जाहिरात वाचली आणि या गृहस्थानं जन्मात पहिल्यांदा धाडस केलं. फॉर्म भरला. नावापुढं बी.ई. लिहिलं नाही. ऑफिसचं काम आहे असं घरी सांगून गाडीचं तिकीटही काढलं. चित्रं स्वतः नेऊन द्यायची होती. त्या आठवड्यात गडी चक्क गुणगुणत होता.

आणि नेमकं त्याच आठवड्यात एका संध्याकाळी अप्पासाहेबांनी कपाटाकडं काठी रोखली. "क्यों जनाब, हे काय साठवून ठेवलंय?"

अरे, आता तरी बोलावं की नाही? नातवाचा आजा झालेला माणूस! पण म्हणाले काय, तर "काही नाही अप्पा. ऑफिसचे रद्द नकाशे."

हे त्यांच्या बायकोनं, भानुमतीबाईंनी, ऐकलं. आणि इंजिनिअराच्या घरात रद्द ट्रेसिंगचं काय होतं, ते तेव्हाच्या कुठल्याही बाईला विचारा. सोड्याच्या कढत पाण्यात उकळायचं. खळ जाते, शाई जाते, आणि हाती लागते ती मलमल दुकानात मागून मिळायची नाही. लेक कमल चार दिवसांची बाळंतीण घरात होती. बाळाला मऊ कापड हवंच होतं.

दुसऱ्या दिवशी कृष्णराव ऑफिसातून आले, तर अंगणात दोरीभर पांढरंशुभ्र कापड वाळत होतं.

"बघितलंत का?" भानुमतीबाई हरखून म्हणाल्या. "गुंडाळ्या तशाच्या तशा हंड्यात सोडल्या. काय मलमल निघालीय हो! दोन डझन झबली होतील, टोपडी वेगळी."

कृष्णरावांनी एक तुकडा उचलून उजेडाकडं धरला. मग दुसरा. मग तिसरा. हमाल नव्हते, कारागीर नव्हता, एक रेघ म्हणून नव्हती.

"अहो, काही चुकलं का माझं?"

बिचारीचे हात सोड्यानं लाल झाले होते. कृष्णरावांनी ते पाहिलं. "छे, तुझं काय चुकणार," एवढं म्हणाले आणि नळावर जाऊन कितीतरी वेळ तोंड धूत राहिले. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर जाऊन तिकीट परत करून आले. बायकोला कधी सांगितलं नाही. त्यानंतर पेन धरलं ते पुलांसाठीच.

बारशाच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं. पणतू अप्पासाहेबांच्या मांडीवर, अंगात नवं झबलं. म्हातारा कापड चिमटीत धरून चाचपत होता. कुणीतरी त्याला सांगितलं, कापड कुठून आलं ते. तसा तो खूश होऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "शाब्बास कृष्णा! तुझ्या शिक्षणाचं आज चीज झालं बघ."

बापानं जन्मात केलेली ती पहिली तारीफ.

"हो अप्पा," कृष्णराव म्हणाले, आणि घुगऱ्यांचं तबक घेऊन पाहुण्यांमध्ये वाढायला गेले.