कमलबाईंचं उलथनं

ऑपरेशन थिएटरात किस्से साठतात आणि ते वाट्याला येतात आम्हा भूलवाल्यांच्या! सर्जनचे हात गुंतलेले, पेशंट झोपलेला, कान मोकळे फक्त माझे.

कळंबच्या आमच्या छोट्या दवाखान्यात कमलबाई सिस्टर नव्या आल्या, तेव्हा बारीक चिमट्याला 'मॉस्किटो' का म्हणतात, असं त्यांनी विचारलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "तोंड बारीक, आणि नेमकं रक्तवाहिनीलाच धरतो म्हणून."

"आमच्या ईट गावाला या एकदा," बाई म्हणाल्या. "तिथला डास बघून मोठाच चिमटा मागाल!"

•

सोनारीच्या एका आजोबांच्या कानात हरभरा गेला होता. डॉक्टर चिमट्यासाठी हात पुढं करून म्हणाले, "क्रोकोडाइल द्या." आजोबा ताडकन उठून बसले.

"म्हंजी मगर ना? एका हरभऱ्यासाठी मगर? कोंबडी न्हाय का तुमच्याकडं?"

•

बाकीच्या हत्यारांना ती बनवणाऱ्या डॉक्टरांची नावं. बाई एकदा चिडल्याच. "समदे सायबच! हातात देणारीचं नाव एकालाबी न्हाय?"

"तुम्ही बनवा, तुमचं देऊ!" मोठे डॉक्टर हसत म्हणाले.

जखम उघडी धरायचा आमचा रिट्रॅक्टर जाड पेशंटच्या पोटावरून सारखा सटकायचा. बाईंनी घरचं स्टीलचं उलथनं उचललं, वेल्डिंगवाल्याकडून वाकवून घेतलं, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि उकळून ट्रेमध्ये ठेवलं. ते सटकेना! त्या दिवसापासून मोठे डॉक्टर "कमलबाई द्या" म्हणायचे आणि बाई मास्कच्या आत लाजायच्या.

•

मोठे डॉक्टर थकले. पुण्याहून नवे डॉक्टर आले, हुशार आणि शिस्तीचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "हे नाव कुठल्या पुस्तकात आहे? इथं रिट्रॅक्टरच म्हणायचं."

बाई ट्रे आवरू लागल्या. मला फार वाईट वाटलं. रिटायर होताना त्यांनी एवढंच मागितलं, "ते उलथनं ट्रेमधून काढू नका."

•

गेल्या वर्षी बाईंचंच हर्नियाचं ऑपरेशन निघालं. पाठीत इंजेक्शन देऊन मी कमरेखालचं अंग बधिर केलं. तोंड अर्थातच चालू होतं! मध्ये पडदा, पलीकडे नवे डॉक्टर.

रिट्रॅक्टर सटकला. दुसरा घेतला, तोही सटकला. डॉक्टरांनी ट्रेकडे पाहिलं. मग हात पुढं करून नव्या सिस्टरला म्हणाले, "कमलबाई द्या."

बाईंचे डोळे भरून आले. मी पुसायला कापूस घेतला, तर माझा हात बाजूला सारून त्या पडद्यापलीकडं ओरडल्या,

"डावीकडं कलतं धरा, डॉक्टर!"