पाठीवरून हात फिरवला

माझा नवरा चारचौघांत सांगायचा, हिच्या पोटात काही राहत नाही. खरंच होतं ते. शेजारणीची भाजी खारट झाली, तरी संध्याकाळपर्यंत ती बातमी मी तीन घरी पोचवलेली असे. पण ही एक गोष्ट राहिली. त्याला सांगितली नाही, बहिणीला नाही, देवासमोर एकटी बसले असतानाही ओठांवर आणली नाही. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. म्हणजे कोणाच्या धाकानं गप्प आहे, असं म्हणायचीही सोय आता राहिली नाही.

एका वाक्याची गोष्ट आहे. व्याकरणाची म्हणा हवं तर. हसू नका — मी त्या दिवशी स्वतःची तशीच समजूत घातली होती, की मी फक्त व्याकरण सुधारते आहे.

नागपूरला सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत मी टायपिस्ट होते. सत्तरच्या दशकाची सुरुवात. माझं टेबल साहेबांच्या केबिनच्या दाराशी, खिडकीलगत. एप्रिल लागला की त्या खिडकीला वाळ्याची ताटी बसायची आणि चपराशी तासातासाला तिच्यावर पाणी मारायचा. बाकीचा हॉल भट्टीसारखा तापलेला, आणि माझ्या टेबलावर ओल्या वाळ्याचा गार वास. लोक म्हणायचे, बाई नशीबवान. नऊ वर्षं मी त्या नशिबात बसले.

साहेब वाईट होते का? तुम्हाला वाटत असेल, मी आता त्यांचं काळंकुट्ट चित्र काढणार. नाही हो. आवाज म्हणून कधी चढवला नाही त्यांनी. माझ्या मुलाला विषमज्वर झाला, तेव्हा स्वतःच्या गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं. मी मसुदा टाईप करत असले की मागे येऊन उभे राहायचे, वाचायचे, आणि वाचता वाचता खांद्यावर हात ठेवायचे. छान, बाई, म्हणायचे. माझे वडील असाच हात ठेवायचे. पहिलं वर्षभर मला ते आवडलं — हेही सांगून टाकते, लपवायला बसलेली नाही आता. मग कधीतरी तो हात खांद्यावरून पाठीवर आला. वाचून संपलं तरी उठेना. अंगठा ब्लाउजच्या काठाशी.

नेमकं कोणत्या दिवशी? नाही सांगता येत. पण मला कळलं केव्हा, ते सांगते. ऐन मे महिन्यात मी गळाबंद ब्लाउज शिवायला टाकले तेव्हा. शिंपी म्हणाला, बाई, या उन्हाळ्यात? मी म्हटलं, ताटीचा वारा बाधतो. अंगाला सगळं समजलेलं होतं, तोंड वाऱ्यावर ढकलत होतं.

बोलायचं म्हटलं तरी काय बोलणार होते? सीताबर्डीच्या गर्दीत धक्का मारून जाणाऱ्याला काय म्हणायचं ते ठाऊक होतं, पायातली चप्पल हातात घेता येत होती. मुलाला दवाखान्यात नेणाऱ्याच्या हाताला काय म्हणायचं? आम्हाला शब्दच नव्हता. मी तो शोधलाही नाही.

मग सुनंदा आली. सुनंदा रामटेके, बावीस वर्षांची, कळमेश्वरहून रोज एस.टी.नं यायची. जागा तात्पुरती, सहा-सहा महिन्यांच्या मुदतीची. छप्पन साली तिच्या घरच्यांनी धर्म बदलला तेव्हा ही आईचं बोट धरून होती. घरातली पहिली मॅट्रिक झालेली, पहिली टायपिंग शिकलेली. पहिल्याच दिवशी साहेबांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं आणि सगळ्यांदेखत तिच्या हातून पाणी घेऊन प्यायले. म्हणाले, ज्यांना आपण दूर ठेवलं, त्यांना आता जवळ घ्यायचं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही. त्यानंतर तिच्या डब्यातलं काही तोंडात घालायला मला पंधरा दिवस लागले, हे मात्र कोणी पाहिलं नाही.

तिचं बोलणं थेट गावाकडचं. मी येऊन राहिली, मी जेवून राहिली. मी तिची थट्टा करायची — अगं, येऊन राहिलीस कुठे, धर्मशाळेत? ती खळखळून हसायची. आणि घरी गेल्यावर मी सुद्धा सासूबाईंना तेच म्हणायची, पोळ्या लाटून राहिली, आलीच. नागपुरात कोण म्हणत नाही?

ती आली त्याच उन्हाळ्यात मी हेडक्लार्कना सांगितलं, ताटीच्या गारव्यानं माझा खांदा धरतो, मला हॉलमध्ये बसू द्या, त्या टेबलावर सुनंदाला बसवा. साऱ्या कचेरीनं माझं कौतुक केलं. नागपूरच्या मे महिन्यात ताटीजवळची जागा सोडणारी बाई! सुनंदाचे तर डोळे भरून आले.

"ताई, तुमी तिकडं घामानं भिजून राहिल्या, आन् मी येथं गारव्यात बसून राहिली. मले बरं नाई वाटत."

मी म्हटलं, बस गं.

त्या टेबलावर काय होतं ते मला माहीत होतं का? होतं. 'तिच्याशी तसं वागणार नाहीत' असं वाटलं होतं का? नव्हतं वाटलं. माझ्या पाठीवरून तो हात उठावा, एवढंच हवं होतं. कोणाच्या पाठीवर जाईल, याचा विचार मी केला नाही असं म्हणणार होते — पण केला होता.

पावसाळ्यात ताटी निघाली. तोवर सुनंदा खुर्ची तिरकी करून, पाठ भिंतीकडे वळवून टाईप करायला लागली होती. तशानं मान दुखते, चुका होतात. तिच्या चुका वाढल्या. मी हॉलमधून बघत होते. एका दुपारी डबा खाताना तिनं विचारलं, ताई, तुमी नऊ वर्षं तेथं बसल्या, तुमाले कधी — आणि मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. साहेब मायाळू आहेत, म्हटलं. तुला मुलीसारखं मानतात.

तिनं हातातला भाकरीचा तुकडा परत डब्यात ठेवला. मग म्हणाली, "माहा बाप बी पाठीवर हात ठेवते, ताई. पण तो उचलते."

माया कुठे संपते, ती रेघ कुठे ओढावी ते मोठमोठ्या माणसांना कळत नाही. तिनं एका वाक्यात ओढून दाखवली. मी तिला लोणचं वाढलं आणि विषय बदलला.

तिनं अर्ज केला. एकटीनं, कोणाला न विचारता, स्वतः टाईप करून, साहेबांच्या वरच्यांकडे. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली — ज्यांनी जवळ केलं त्यांच्यावरच उलटली. काही जणांनी तर आणखी पुढचं म्हटलं, आणि मी ऐकून घेतलं.

चौकशी अधिकारी आले ते पुण्याकडचे. सज्जन, घाईत नसलेले. मुलीचा जबाब, तेव्हा लिहून घ्यायला बाईमाणूस हवं, म्हणून मला बसवलं. मला बघून सुनंदाचा चेहरा खुलला. माझ्याकडे बघूनच तिनं सांगायला सुरुवात केली.

"साहेब माह्या पाठीवरून हात फिरवून राहिले. मी सरकून राहिली, तरी फिरवून राहिले."

अधिकाऱ्यांनी हात वर केला. "राहिले म्हणजे? कुठे राहिले?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, यांचं म्हणणं नेमकं काय? शुद्ध भाषेत घ्या."

आमच्याकडे या राहण्याचा अर्थ चार वर्षांच्या पोरालाही समजतो. फिरवून राहिले म्हणजे फिरवतच आहेत. काल, आज, आत्ताही. थांबलेलं नाही. मी लिहायचं होतं — साहेब सतत माझ्या पाठीवरून हात फिरवत असतात, मी सरकले तरी थांबत नाहीत. दहा-बारा शब्द.

ते लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न काय आला असता, ते माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. हिच्या आधी त्या टेबलावर कोण बसायचं? मग मला विचारलं असतं. मग घरी नवऱ्यानं विचारलं असतं, सासूनं विचारलं असतं — नऊ वर्षं काहून गप्प बसली? त्याचं काहीतरी उत्तर जुळवता आलं असतं. पण सुनंदा समोर बसली होती. तिनं विचारलं असतं, ताई, मग तुमी उठल्या काहून?

मी म्हणाले, पाठीवरून हात फिरवला, असं म्हणते ती.

आणि तसंच टाईप केलं. 'साहेबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी सरकले.' एकदा. झालं, संपलं. अधिकाऱ्यांच्या कपाळावरची आठी गेली. जाणारच. आपल्या भाषेत पाठीवरून हात कोण फिरवतं, तुम्हीच सांगा. नंबरात आलेल्या पोराच्या पाठीवरून बाप फिरवतो. सासरी निघालेल्या लेकीच्या पाठीवरून आई फिरवते. तिची तक्रार मी तिच्याच तोंडून साहेबांचं प्रशस्तिपत्र करून टाकली होती.

सही करण्याआधी सुनंदानं कागद नीट वाचला. टायपिस्टच होती ती, तिच्या नजरेतून काय सुटणार! म्हणाली, ताई, मी तर फिरवून राहिले म्हटलं.

मी म्हटलं, लिहिताना असंच लिहितात गं. अर्थ तोच.

तिनं सही केली. माझ्यावर विश्वास ठेवून केली.

साहेबांच्या जबाबात पहिल्या दिवशी तिच्या हातून प्यालेलं ते पाणी पुन्हा आलं. आम्ही शिवाशीव मानत नाही, म्हणून तर पाठीवर हात ठेवतो. दूर ठेवलं असतं तर हीच मुलगी म्हणाली असती की दूर ठेवतात. अहवालात 'वडीलकीची माया' आणि 'गैरसमज' असे शब्द होते. तोही मीच टाईप केला, तीन कार्बन लावून. दिवाळीनंतर सुनंदाची मुदत संपली, ती वाढवली गेली नाही. काही कारण द्यावं लागलं नाही, तात्पुरतीच तर होती.

शेवटच्या दिवशी ती टेबल आवरत होती. यंत्र पुसून तिनं त्यावर आच्छादन घातलं. मी मागून गेले. निरोप द्यायचा म्हणून — शपथेवर सांगते, दुसरं काही मनात नव्हतं — मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती चटका बसावा तशी सरकली. खुर्ची आडवी झाली. मग मागे वळून तिनं मला पाहिलं, आणि तिचा चेहरा ओशाळला.

"तुमचा हात होता काय वं, ताई? मले समजलं नाई. राग नका मानू."

तिनं माझी माफी मागितली. मी म्हटलं, असू दे. तिची पाचची गाडी होती, ती गेली. पुढे कळमेश्वरला तिचं काय झालं ते मला माहीत नाही. माझ्या ओळखीची माणसं होती तिथे, चौकशी करता आली असती. केली नाही. एकदा गांधीबागेत कापड घेताना तिच्यासारखी पाठमोरी बाई दिसली, तर मी घेतलेलं लुगडं तसंच गादीवर टाकून दुकानातून निघून आले.

पुढच्या सोमवारी हेडक्लार्क म्हणाले, बाई, आता थंडीचे दिवस, ताटी नाही, तुमचा खांदाही धरायचा नाही, या परत आपल्या जागेवर. मी माझा टाईपरायटर उचलून नेला. अकराच्या सुमाराला केबिनचं दार उघडलं, आणि साहेब मसुदा वाचायला मागे येऊन उभे राहिले. मी मान वर केली नाही. आता सरकायचा मला काय हक्क होता?

साहेब आणखी चार वर्षांनी निवृत्त झाले. तोवर ते माझ्या पाठीवरून हात फिरवून राहिले, आणि मी टाईप करून राहिली. हे वाक्य मला त्या दिवशीही लिहिता येत होतं.