माठाखालची शिशी

आमच्या घरी अजून माठ आहे. भिलाईच्या स्मृति नगरमधल्या या घरात फ्रिज आहे, पाणी गाळायचं मशीन आहे, तरी स्वयंपाकघरामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ओल्या रेतीवर माझा माठ बसलेला असतो. सूनबाई हसते. म्हणते, "आई, तुमच्या माठाला आता रिटायर करा. प्लांटवालेसुद्धा साठीला सोडतात." मी आपली रेतीवर पाणी शिंपडते. त्या रेतीच्या पोटात काय आहे ते या संक्रांतीपर्यंत घरात मला एकटीलाच माहीत होतं.

आता जरा मागे जाते, त्याशिवाय कळायचं नाही.

मी भंडाऱ्याकडची, धानाच्या गावातली. लग्न होऊन भिलाईला आले तेव्हा सुगंध म्हणजे मला दोनच माहीत, उदबत्तीचा आणि हळदीकुंकवाला मनगटावर लावतात त्या हिन्याचा. हे तिथल्या स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये. ड्यूटीवरून आले की तापलेल्या लोखंडाचा नि तेलाचा वास घरभर. कंपनीचं क्वार्टर, दोन खोल्या, सासूबाई सोबत.

पहिल्याच उन्हाळ्यात मी बाजारात माठ घ्यायला गेले. तेव्हा प्लांटमध्ये रशियन इंजिनिअर असायचे आणि त्यांच्या बायका आपल्याच बाजारात यायच्या. भाजीवाल्या त्यांच्याशी रशियनमध्ये भाव करायच्या, असे ते दिवस. कुंभाराजवळ एक रशियन बाई उभी होती. चेहरा टमाट्यासारखा लाल झालेला. माठ घेत होती, पण कसा, तर रंग पाहून! मी तिच्या हातातला माठ काढून घेतला, बोटाने वाजवला, मातीचा बद्द आवाज आला. बाजूला ठेवला. दुसरा वाजवला, तो टण्‌ बोलला. तिच्या हातात दिला. तिनेही वाजवून पाहिला आणि अशी हसली की कुंभारही हसायला लागला.

मग मला काय सुचलं कोण जाणे, मी तिच्या रिक्षात बसून तिच्या घरी गेले. तिने माठ टेबलावर ठेवला, खिडकीच्या उन्हात. मी कपाळावर हात मारला. खालून रेती आणवली, अंधारा कोपरा शोधला, रेती ओली केली, त्यावर माठ बसवला, ओलं फडकं गुंडाळलं. "पानी डालना, रोज," असं हातवारे करून सांगितलं. आठवड्याने पुन्हा गेले तर तिने मला त्या माठातलं थंड पाणी प्यायला दिलं. जणू काही तिनेच त्याचा शोध लावला होता.

त्या दिवशी तिने मला एक शिशी दिली. जाड काचेची, पैलू पाडलेली, काचेचंच बूच, त्याला दोऱ्याने बांधलेलं. आपल्या हातावर एक थेंब लावला, माझ्या हातावर एक लावला. मी लगेच नाकाशी नेणार तर तिने माझा हात धरला आणि आपल्या घड्याळावर बोटाने टकटक केलं. मला वाटलं, बाईला कुठं जायचं आहे, मी उगाच बसून राहिले. उठले, नमस्कार केला आणि निघाले. ती दारापर्यंत घड्याळ दाखवत आली. मी अजून भराभर चालले!

घरी पोचले तर तेला-लोखंडाच्या नि फोडणीच्या वासात हातावरचा थेंब विसरूनच गेले, आणि शिशी पेटीत ठेवली. म्हटलं, पहिल्या संक्रांतीला काढू.

संक्रांत आली. पहिलं हळदीकुंकू माझ्या क्वार्टरमध्ये. आजूबाजूच्या बाया तर होत्याच, पण यांच्या खात्यातल्या मोठ्या साहेबांच्या बाईसुद्धा येणार होत्या. त्या नागपूरच्या, शिकलेल्या, बोलणं कसं इस्त्री केलेलं. सासूबाईंनी हिन्याची कुपी काढली होती. मी म्हटलं, "आई, मी रशियन अत्तर लावतो." आमच्याकडे बाया अशाच बोलतात, "मी करतो, मी लावतो." सासूबाई म्हणाल्या, "लाव. त्या सायबीणले दिसू दे आपलं."

तर अत्तर लावायची आपली रीत काय? हळद, कुंकू, मग मनगटाला अत्तर, मग गुलाबपाणी, आणि लावलं की बाई लगेच हात नाकाशी नेते आणि म्हणते, "छान आहे हो." सायबीणबाईंनी हात नाकाशी नेला. आणि झटक्याने दूर केला.

"अगंबाई! ही तर दारू आहे!"

 एकीने वास घेतला, "हाव ना वं, दारूच!" दुसरी म्हणाली, "संक्रांतीच्या दिवशी दारू लावली काय वं हाताले?" बाया मोरीत जाऊन नळाखाली हात धुवायला लागल्या. माझ्या हातात वाण तसंच राहिलं. कुणी घेतलं, कुणी घेतलं नाही. पुढच्या घरी जायचं म्हणत सगळ्या उठल्या.

सासूबाई दार लावून माझ्याकडे वळल्या. "देवाच्या घरात दारू आणली तू? कावून आणली वं?" मी म्हटलं, "आई, दारू नाही ते." त्या म्हणाल्या, "मग काय गंगाजल हाय? फेक बाहेर." मी फेकली नाही. माठाखालची रेती उकरली आणि शिशी आत पुरली. सासूबाई रेतीत हात घालणार नव्हत्या.

पदराने डोळे पुसत बसले होते. आणि मला कळेना की एवढा चांगला वास येतोय कुठून. घरात तर काही नव्हतं. मग हात नाकाशी गेला, बायांना लावता लावता माझ्याही मनगटाला लागलं होतं. काय सांगू! आधी संत्र्याची साल नखाने सोलावी तसा, त्याच्या मागून लवंग, आणि मग पेटीतल्या रेशमी पातळाच्या घडीत कुणी वाळकं फूल विसरावं तसा. मनगट तेच, शिशी तीच. दारू उडून गेली होती आणि खाली हे बसलेलं होतं. तेव्हा मला त्या बाईचं घड्याळ समजलं. ती मला घालवत नव्हती. ती म्हणत होती, थांब!

दिवे लागायच्या सुमारास दार वाजलं. उघडलं तर सायबीणबाई, मागे आणखी चौघी. नळाने ते धुतलं जात नाही, बरं का. त्या तीन घरं हिंडल्या आणि प्रत्येक घरी वाण घ्यायला हात पुढे केला की बाया विचारत, "तुमच्या हाताला काय लावलंय?" सायबीणबाईंनी इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "ते... अत्तर. अजून आहे का?"

सासूबाई आतून ओरडल्या, "हाय ना! या ना बसा! माझ्या सुनेनं खास रशियातून बोलावलं हाय!"

मी माठाकडे गेले. रेती उकरताना माझी मान ताठ होती, आज लिहितानाही आहे.

मग मला नादच लागला. रशियन लोक परत जायला निघाले की सामान विकायचे. बाया इस्त्र्या, गालिचे, मिक्सर घ्यायला धावायच्या. मी विचारायची, "सेंट?" कुणी अर्धी शिशी द्यायची, कुणी संपत आलेली. माझ्या रशियन बाईने जाताना तशीच दुसरी शिशी दिली, न उघडलेली. यांच्यासोबतचे कुणी ट्रेनिंगला रशियाला गेले की त्यांच्या बायका मला विचारून यादी सांगायच्या. त्या बायांनी आपल्या शिश्या हॉलमधल्या काचेच्या शोकेसमध्ये मांडल्या, पाहुण्यांना दिसाव्यात म्हणून. मेचं ऊन थेट त्यावर. दोन उन्हाळ्यांत आतलं पाणी चहासारखं झालं आणि वासाचं लोणचं! माझ्या सगळ्या रेतीत. पहिली सासूबाईंच्या भीतीने लपवली, मग बाकीच्याही तिथेच ठेवत गेले, आणि तिथेच त्या जगल्या. अंधार, गारवा, कोणी हलवत नाही. पुढे वाचनात आलं की जुनं अत्तर असंच ठेवावं. मी म्हटलं, सांगता कोणाला! क्वार्टर सोडून इथे आलो तेव्हा रेती नि रेतीतलं मी एकटीनेच आणलं.

इथल्या मराठी बायांच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला अत्तर लावायचं काम तेव्हापासून माझं. अध्यक्ष किती बदलल्या, पण अत्तरदाणी माझ्याच हातात. आजूबाजूच्या गावांतून, नंदिनी नगरहून, कुम्हारीहून बाया यायच्या आणि हात पुढे करून विचारायच्या, "यंदा काय आणलं, मावशी?" मला ना शिक्षण, ना हुद्दा. पण नाक होतं, आणि ते सगळ्यांनी मानलं.

म्हणून या वर्षी सूनबाई मंडळाच्या मीटिंगहून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "आई, यंदा अत्तराचं टेन्शन नाही तुम्हाला. आम्ही स्प्रे मागवलाय. फुसफुस केलं की झालं," तेव्हा माझ्या हातातली तिळाची परात खालीच ठेवली मी. ती कमिटीत आहे. मनाने वाईट नाही. माझे गुडघे दुखतात म्हणूनच तिने सुचवलं. पण माझी अत्तरदाणी गेली ना!

मी म्हटलं, "यंदा माझ्या रशियन बाईने दिलेली शेवटची न उघडलेली शिशी काढतो. ती नाही आवडली तर दरवर्षी तुमचा फुसफुस."

"कुठली शिशी?"

नात पुण्याहून सुट्टीवर आली होती. तिलाही हाच नाद. जुन्या जमान्यातले परफ्यूम शोधते, त्याला व्हिंटेज म्हणते. तिने कान टवकारले. मी माठ उतरवायला लावला, रेतीत हात घातला आणि शिशी काढली. नात किंचाळली. "आजी! ये यहाँ था? मी इतकी वर्षं याच माठाचं पाणी पिऊन राहिली?"

संक्रांतीच्या सकाळी बूच उघडलं. निघता निघेना, ओल्या कपड्याने धरून फिरवलं. नातीने नाक लावलं आणि तिचा चेहरा उतरला. "आजी... गेलं हे. नेलपॉलिश काढायच्या औषधासारखं येतंय." सूनबाईने वास घेतला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला त्या 'दारू'पेक्षा जास्त लागला. मीही वास घेतला. खरंच आंबट होतं.  काही झालं तरी काच ती, किती वर्षं धरून ठेवणार?

पण मी तिघींच्या हातावर एकेक थेंब लावला आणि म्हटलं, "बसा. लाडू वळा. कोणी हात हुंगायचा नाही."

पाक गरम, हात चिकट, लाडू वळता वळता सूनबाई मंडळाच्या गमती सांगायला लागली. नात हसत होती. मधेच ती थांबली. नाक वर करून इकडे तिकडे पाहायला लागली, मी पाहिलं होतं तसंच. मग मनगट नाकाशी नेलं, गुळाचा ठिपका नाकाला लागला. डोळे मिटले तिने. "आजी," ती म्हणाली, "संत्र्याची साल गेली असेल, पण लवंग आहे. आणि खाली... खाली काय आहे हे?"

"रेशमी पातळ," मी म्हटलं.

सूनबाईने दोनदा वास घेतला. मग उठली आणि स्प्रेची पिशवी कपाटात ठेवून आली.

मंडळाच्या हॉलमध्ये मी रीत बदलली. दरवर्षी अत्तर हळदीकुंकवानंतर. यंदा मी खुर्ची टाकून दारातच बसले, चपला काढायच्या जागी. येईल तिचा हात आधी माझ्याकडे. तरुण पोरी नाक मुरडून म्हणायच्या, "मावशी, ये क्या है?" मी म्हणायची, "आत जा, उखाणे घे, वाण घे. मग सांग मले." गाणी झाली, खेळ झाले, आणि वाण घ्यायला हात पुढे व्हायला लागले तसा हॉलभर तो वास उठला. पोरी एकमेकींची मनगटं हुंगून पाहायला लागल्या. माझी नात प्रत्येकीला ऐटीत सांगत होती, "मेरी आजी का है, व्हिंटेज."

शेवटी घरी निघताना काठी टेकत सायबीणबाई माझ्याकडे आल्या. आता खूप थकल्या आहेत, मुलासोबत येतात. माझ्यासमोर उभ्या राहून त्यांनी मनगट नाकाशी धरलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

"तूच ना ग ती? दारूवाली?"

"मीच," मी म्हटलं. "आज हात धुवायचा असेल तर नळ तिकडे आहे, बाई."

"मेले, तू तर!" त्या म्हणाल्या आणि दुसरा हातही पुढे केला.

शिशी पुन्हा रेतीत आहे, निम्म्याहून जास्त भरलेली. माठावर परवा नवं फडकं सूनबाईनेच गुंडाळलं. नात जाताना अत्तरदाणी पिशवीत टाकायला निघाली होती, मी काढून घेतली. म्हटलं, अजून माझा हात चालतो. पुढच्या संक्रांतीला ये, दारात माझ्या बाजूला खुर्ची टाकून बस, मग बघू.