बॅगेतली जागा

गावी निघालेल्या माणसाला माझा दोस्त सलामाआधी विचारतो, "बॅगेत किती किलो जागा हाय?" मग भिंगं, लोहचुंबकं आणून कोंबतो. आमच्या रत्नागिरीकडच्या शाळांत पोरांनी प्रयोग करावेत म्हणून. पैशाला मात्र हात लावत नाही. इथे आखातात परवान्याशिवाय वर्गणी गोळा केली, तर राहायच्या परवानगीचा इकामा गेलाच समजा.

परवा अल मलाझ भागातल्या हॉटेलात एका नवख्याने "स्कूल का चंदा!" म्हणत टेबलावर नोटा टाकल्या. शेजारच्या टेबलावरचा अनोळखी माणूस खाणं थांबवून बघू लागला.

"बिल मेरा है, रख जेब में!" दोस्त मोठ्याने हसला. टेबलाखाली मात्र त्याने माझं मनगट करकचून धरलं होतं.

तो अनोळखी माणूस उठून गेला. माझं मनगट न सोडताच दोस्ताने मला विचारलं, "शुक्रवारी निघतोस ना? किती किलो?"